जाहेदाखालाची कोरडी खोली

छावणीच्या बाजारातून मागच्या गल्लीत शिरलं की एक पत्र्याचं शेड लागतं, आणि शेडला चिकटून एक पक्की खोली. खिडक्या होत्या, त्या विटांनी बुजवलेल्या. नव्या माणसाला वाटावं, आत कुणाला तरी कोंडून ठेवलंय. तसं कोंडलेलंच असतं म्हणा, पण माणूस नाही, मध. कन्नडच्या घाटाकडून पेट्यांचा मध इथं येतो, गाळला जातो, सुकवला जातो, बाटल्यांत भरला जातो. आणि गेली कित्येक वर्षं या खोलीच्या दारात जाहेदाखाला उभी असायची. कमरेला चावी, आणि तोंडात एकच वाक्य.

"आत ओलं चालत नाय."

मध सुकवतात का, असं विचारू नका. म्हणजे विचारा, सगळेच विचारतात. मध हा लई हावरा जिन्नस. हवेत ओल दिसली की पितो. पिऊन पातळ होतो, पातळ झाला की आंबतो, आणि आंबलेला मध ना देवाला चालतो ना औषधाला. उलट हवा कोरडी ठेवली तर त्याच्या पोटातली ओल बाहेर पडते आणि तो घट्ट होतो. म्हणून त्या खोलीत पसरट स्टीलच्या थाळ्या, थाळ्यांत बोटभर मध, वर मंद पंखा, भिंतीवर हवेतली ओल दाखवणारा काटा, आणि कोपऱ्यात हवेतलं पाणी ओढून घेणारं मशीन. या मशीनला खाला पियक्कड म्हणायची. दिवसभर ढोसायचं आणि पोटातल्या बादलीत ओतायचं. बादली काठोकाठ झाली की लाल दिवा लावून गप्प बसायचं, मग त्याच्यापुढं कितीही डोकं आपटा.

खाला त्या खोलीची दरवानही होती आणि सासूही. ओली छत्री शेडच्या बाहेर. ओली चप्पल बाहेर. नुकती न्हालेली बाई बाहेर, केस वाळेपर्यंत. आधी हात पुढं करायचे, मग पाय दाखवायचे, मग साडीचा किंवा ओढणीचा काठ. फरशी ओल्या फडक्यानं पुसायची सोय नाही, कोरडं झाडायचं. चहा आत न्यायचा नाही, कपाची वाफसुद्धा तिला खपायची नाही. खुद्द मालक सुदर्शनभाऊ, कन्नडकडच्या शेतकऱ्याचा शिकलेला पोरगा, एकदा पावसातून पळत आला तर तिनं त्यालाही दारात अडवलं. "भाऊ, डोकं पुसा आधी. मालक असाल तर घरी." तो बिचारा हसत हसत रुमाल शोधत बसला. त्याच दिवशी त्यानं दुसरी चावी करून घेतली म्हणतात, पण ती खालाला चोरून वापरायचा.

गंमत अशी की तिचा नवरा नूरमोहम्मद कूलर बनवणारा. पत्रा ठोकायचा, गवताच्या जाळ्या बसवायचा, मोटर लावायचा. उन्हाळ्यात सगळ्या छावणीची हवा तो ओली करायचा आणि बायको एका खोलीची कोरडी. "अल्लाने क्या जोडी मिलाई," तो म्हणायचा. "मैं दिनभर डालतौं, ये दिनभर निकालती." पण पाऊस लागला की त्याच्या कूलरकडं कुणी ढुंकून बघायचं नाही, आणि घर खालाच्या पगारावर चालायचं. खाला काही बोलायची नाही. मात्र दमायची. गुडघे दुखायचे, त्या कोंदट कोरड्या हवेनं ओठ फाटायचे, नाक आतून सोलून निघायचं. संध्याकाळी घरी आली की उंबऱ्यातच बसायची आणि आत जायला उठवायचं नाही. दमलेल्या माणसाला कुणी 'दमलीस का' असं विचारलं तरी राग येतो, तसा तिला यायचा.

तिच्या हाताखाली तनुजा होती. बाटल्या पुसायची, लेबलं लावायची, आणि संध्याकाळी पियक्कडची बादली रिकामी करायची. आता या शहराच्या नळाचं तुम्हाला काय सांगायचं? बाहेर पावसाची धार आणि नळाला आठ-आठ दिवस टिपूस नाही. म्हणून त्या बादलीतलं पाणी कुणी मोरीत ओतत नव्हतं. एक दिवस खाला कॅनमध्ये भरून न्यायची, एक दिवस तनुजा. प्यायचं नाही, पण भांडी निघायची, फरशी निघायची. दोघी मिळून हवेतलं पाणी वाटून घ्यायच्या आणि वर त्यावरून हसायच्या.

तनुजाचा बाप वारला तेव्हाची गोष्ट. दिवस उरकून पोरगी कामावर आली आणि दारातच तिला भडभडून आलं. खालाला वाईट वाटलं नाही असं नाही, पण आत नुकताच नवा मध पसरलेला. तिनं हात आडवा धरला. "रडायचं तर बाहेर रड, पोरी. आत ओलं चालत नाय." तनुजा पायरीवर बसून एकटीच रडली, तोंड पुसलं आणि आत गेली. गल्लीतल्या बायकांनी खालाला दगड म्हटलं. खाला म्हणाली, दगड तर दगड, मध तर वाचला.

अशी ही बाई. आता तिचंच काय झालं ते ऐका.

आषाढात झड लागली. मराठवाड्यात पाऊस तसा रुसलेला पाहुणा, पण एकदा बसला की उठायचं नाव घेत नाही. आठवडा झाला, सूर्याचं तोंड दिसेना. आणि नेमकी त्याच वेळी खालाची लेक अदीबा पाचोडहून बाळंतपणाला आलेली. पहिलं बाळंतपण, मुलगी झाली, गोरीपान, बापाच्या नाकाची. सगळं चांगलं. फक्त तिला दुकानातले डायपर मानवेनात. पुरळ उठलं, कातडी लाल झाली, पोर रात्रंदिवस किरकिरायला लागली. डॉक्टरीण म्हणाली, सुती कपडा वापरा, पण खडखडीत वाळलेला पाहिजे.

खडखडीत! घरात दोऱ्या बांधल्या, पंख्याखाली लंगोट टांगले, तव्यावर परतले, इस्त्री फिरवली. नूरमोहम्मदनं एक जुना कूलर पाणी न घालता दिवसभर फिरवला. तरी हात लावला की दमट, आणि कुबट वास. अदीबा चिडायची, मग रडायची. "अम्मी, एक बी सूखा नई." खाला दिवसभर कोरड्या खोलीत उभी राहून यायची आणि घरी पाऊल टाकलं की सगळं ओलं. भिंती ओल्या, चादरी ओल्या, पोर ओली.

एका संध्याकाळी तनुजा गेल्यावर तिनं पिशवीतून लंगोट काढले आणि पियक्कडसमोर एका काठीवर पसरले. पाचच. मनाशी म्हणाली, एवढ्यानं काय होतंय? सकाळी लवकर येऊन काढले तर असे कोरडे, असे ऊबदार की तिनं ते गालाला लावले. काटा जागचा हलला नव्हता. मशीननं दोन घोट जास्त ढोसले, एवढंच. घरी बाळ त्या कपड्यात शांत झोपलं आणि त्याच्याबरोबर सगळं घर झोपलं. मग दुसऱ्या दिवशी दहा लंगोट गेले. मग दुपटी, मग टोपडी. तुम्ही-आम्ही असतो तरी हेच केलं असतं, उगाच साळसूदपणा नको.

पण शुक्रवारी छत गळलं. पत्र्याच्या जोडातून पाणी आलं ते थेट अदीबाच्या अंथरुणावर. तीन गुदड्या भिजून मणाच्या झाल्या. चाळिशी, म्हणजे बाळंतपणाचे चाळीस दिवस, पुरी व्हायच्या आत बाळंतिणीला गारठा लागला तर जन्मभर हाडं धरतात, हे खालाच्या आईनं तिला सांगितलेलं आणि तिनं लेकीला. अन् लेक ओल्या फरशीवर चटई टाकून पडलेली. खालाचा जीव तुटला. शनिवारी संध्याकाळी तनुजानं बादली रिकामी केली, कॅन भरला, "येते खाला" म्हणून गेली. खालानं दार ओढून घेतलं आणि पिळून पिळून आणलेल्या तिन्ही गुदड्या आत दोरीवर टाकल्या. थाळ्यांत त्या दिवशी कन्नडच्या बद्रीनाथचा मध होता. जांभळाच्या फुलोऱ्यावरचा, पावसाच्या तोंडावर घाईघाईत काढलेला, म्हणून मुळातच पातळ. नुकता कुठं धरायला लागला होता. खालानं ठरवलं, रविवारी दुपारी येऊ, बादली ओतू, गुदड्या उलटवू. तिला सगळा हिशोब माहीत होता.

रविवारी पहाटे अदीबाला ताप चढला. सरकारी दवाखाना, रांग, केसपेपर, रक्त, पुन्हा रांग. नूरमोहम्मद बाळाला घेऊन बाकावर, खाला लेकीला धरून उभी. खोलीची आठवण तिला झाली नाही असं नाही. झाली, दोनदा झाली. पण लेकीला सोडून जाणार कशी? ताप उतरला, घरी आले, आणि खाला भिंतीला टेकली ती बसल्या जागी झोपली.

सोमवारी सगळ्यांच्या आधी तिनं कुलूप काढलं. आत पाऊल टाकताच तिला कळलं. हवा जड, धोब्याच्या भट्टीसारखी. काटा ऐंशीच्या पुढं. पियक्कड गप्प, लाल दिवा, बादली तुडुंब. गुदड्या मात्र पंख्याखाली वाळल्या होत्या. तिनं आधी त्या उचलल्या, काखोटीला मारल्या आणि घराकडं पळाली. बादली नंतर ओतू म्हणून. माणूस घाबरलं की काय आधी करावं हे त्याला सुचत नाही. परत आली तर दार सताड उघडं आणि सुदर्शनभाऊ मशीनसमोर उभा.

मधातलं पाणी मोजायची छोटी दुर्बीण त्याच्या हातात होती. थाळीतला थेंब काचेवर घेऊन तो पुन्हा पुन्हा डोळ्याला लावत होता. चेहरा पडलेला.

"वरचा थर निव्वळ पाणी झालाय, खाला. बंद खोलीत बादली निम्मीसुद्धा भरत नाय. म्हणजे शनिवारी रिकामीच केली नाय. तनुजा कुठंय?"

खालाला सांगायचं होतं, शपथेवर सांगते, जिभेवर आलेलं होतं. पण डोळ्यांपुढं चावी आली, पगार आला, कोपऱ्यातले न विकलेले कूलर आले. तेवढ्यात तनुजा आली. दारात हात पुढं केले, पाय दाखवले, सवयीनं.

"बादली मी ओतली होती, भाऊ. खालांनी बघितलं ना. मी कॅन भरून नेला. व्हय ना, खाला?"

खाला जमिनीकडं बघून म्हणाली, "माझं ध्यान नव्हतं."

तीन शब्द. बाई आयुष्यात एवढं ओलं काही बोलली नव्हती.

तनुजा काही भांडली नाही. दोघी दिवसभर थाळ्या हलवत राहिल्या, मध पुन्हा सुकवायला लावला. पियक्कड सरकवून त्याच्या मागचं झाडलं तेही तनुजानंच. संध्याकाळी सुदर्शनभाऊ म्हणाला, "उद्यापासून तू थांब घरी. मी बघतो, सांगतो." तिनं मान हलवली, आपली पिशवी घेतली आणि गेली. 'येते खाला' म्हणाली नाही.

घरी गुदडीवर अदीबा आणि बाळ झोपलेले. कोरडे, ऊबदार. खालानं डबा धुवायला पिशवी उघडली तर डब्यावर घडी करून ठेवलेलं पिवळं टोपडं. बाळाचंच. पियक्कडच्या मागं पडलेलं असणार. पोरीला ते झाडताना सापडलं होतं. म्हणजे मालकासमोर टाकायला तिच्या हातात पुरावा होता, आणि तिनं तो घडी करून परत पाठवला होता.

खाला टोपडं हातात धरून बसून राहिली. नूरमोहम्मदनं विचारलं तेव्हा तिनं सगळं सांगून टाकलं. तो बराच वेळ बिडी न पेटवता तशीच फिरवत बसला.

"बोल मत," तो म्हणाला. "चाबी गई तो घर कौन चलाएगा? बारिश में मेरा कूलर कोई लेता क्या?"

"हौ," खाला म्हणाली.

थोड्या वेळानं तोच म्हणाला, "पर उस छोकरी का बाप बी नई ना."



मंगळवारी बद्रीनाथ आला. सुदर्शनभाऊनं फोन करून बोलावलं होतं. पन्नाशीचा माणूस, डोक्याला टापशी, घाटात मधमाश्यांच्या पेट्यांमागं हिंडून रापलेला. यंदा पहिल्यांदा त्याच्या गावाचं नाव बाटलीवर छापून येणार होतं. लेबलं तयार होती, त्यानं पोराला फोटो काढून पाठवलेला. थाळीच्या कडेला बारीक बुडबुडे धरले होते. त्यानं बोट बुडवलं, चाटलं आणि बोट धोतराला पुसलं.

"आंबला," एवढंच म्हणाला.

सुदर्शनभाऊ तनुजाचं नाव घेऊन माफी मागायला लागला तशी खाला मधे आली. टोपडं पुढं केलं. "तिचं नाव घेऊ नका, भाऊ. माझ्या घरच्या गुदड्या होत्या आत. नातीचे कपडे बी. आठवडाभर. पोरीनं बादली ओतली होती, मी डोळ्यानं बघितलं होतं. मी खोटं बोलले."

सुदर्शनभाऊ टोपड्याकडं बघतच राहिला. त्याला आधी खरंच वाटेना. डोकं पुसायला लावणारी ही बाई, हिनं गुदड्या? राग यायला त्याला वेळ लागला, आणि आला तेव्हा तो नुसता थकून खुर्चीवर बसला.

बोलला तो बद्रीनाथ. आवाज चढवला नाही, तेच वाईट. "घाटात एवढा पाऊस झाला, खाला. पेट्यांवर ताडपत्री धरून उभा राहिलो, थेंब आत जाऊ दिला नाय. अन् तुमच्या कोरड्या खोलीत भिजला होय?"

दगड म्हणणाऱ्यांना तिनं उत्तर दिलं होतं, याला कुठून देणार?

बद्रीनाथ निघाला. दारात थांबून त्यानं विचारलं, "लेक बरी हाय ना?" खालानं मान हलवली. तो गेला.

सुदर्शनभाऊनं तिला काढलं नाही. म्हणाला, "काम करा. पण चावी द्या." कमरेची चावी सोडायला तिला वेळ लागला, गाठ जुनी होती. "ती तनुजाकडं राहील. तिला मीच आणतो घरून, माफी मागून." खाला म्हणाली, "बरं." कमरेला हात गेला तर तिथं काही नव्हतं, आणि मग दिवसभर हात पुन्हा पुन्हा तिथंच जात राहिला.

दुसऱ्या दिवशी तिला उठवेना. ताप नव्हता, दुखणं नव्हतं, नुसता शीण. एवढ्या वर्षांचा शीण जणू चावीनं बांधून ठेवला होता, तो सगळा सुटला. अदीबा म्हणाली, "अम्मी, आज नक्को जाओ." पण न जाऊन काय करणार? बाळ तर पितच होतं, वाढतच होतं. झड तशीच. ती छत्री घेऊन निघाली. गल्लीत बायकांनी बघितलं. बातमी पोचली होतीच, तिला काय पाय लागतात?

तनुजा दारात उभी होती. ओढणीला चावी बांधलेली, नवी म्हणून नीट खोचता येत नव्हती. खालानं छत्री बाहेर ठेवली. चप्पल बाहेर काढली. मग दोन्ही हात पुढं केले. तनुजानं हात बघितले. पाय बघितले. साडीचा काठ चिमटीत धरून बघितला, कोरडा होता. सगळं खालानं शिकवलेलं, तसंच्या तसं.

"टोपडं तू तेव्हाच का नाय दाखवलं, पोरी?"

"घरात बाळंतीण हाय तुमच्या," तनुजा म्हणाली. आणि जरा थांबून, "मला वाटलं तुम्ही सांगाल. त्याच दिवशी सांगाल असं वाटलेलं."

खालाचा चेहरा पिळवटला. ती आवरायला गेली, ओठ दाबले, पदर तोंडाशी नेला, पण डोळ्यांतून घळाघळा यायला लागलं. तशीच ती आत शिरायला निघाली, निदान तोंड लपवायला. तनुजानं हात आडवा धरला.

"आत ओलं चालत नाय, खाला."

खाला मागं सरली. बरोबर होतं पोरीचं, तिला हेच मिळायला पाहिजे होतं. ती वळून पायरीवर बसली, एकटी.

मागं दार ओढल्याचा आवाज आला, कुलूप लागल्याचा आला, आणि तनुजा येऊन तिच्या शेजारी पायरीवर बसली. खालाचं डोकं तिनं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. ओढणी भिजायला लागली.

"आता तुलाबी आत जाता यायचं नाय," खाला हुंदक्यातून म्हणाली.

"नाय तर नाय," तनुजा म्हणाली. "वाळल्यावर जाऊ."